ओळखीचे झाड, अनोळखी धोका

उन्हाळ्यात वैनगंगेला पाणी कमी आणि रेती जास्त असते. वडसा घ्या, चामोर्शी घ्या, मार्कंडा घ्या, काठावर उभे राहिले की डोळे दिपतील एवढी रेती दिसते. चप्पल घातली तरी पाय भाजतात. अशा वेळी काठच्या पडीक रेतीत एक झुडूप मात्र हिरवे उभे असते. त्याला कोणी पाणी घातलेले नसते, खत दिलेले नसते, कुंपण केलेले नसते. गुरेढोरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. हे झुडूप म्हणजे रुई.

नदीकाठ सोडून गावात या, तरी रुई भेटतेच. रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, पडक्या भिंतीला लागून, शाळेच्या मागे, आपल्या वस्तीच्या नालीजवळ, सगळीकडे ती आहे. मराठीत रुई, हिंदीत आक किंवा मदार, संस्कृतात अर्क, पालीत अक्क. सिरोंचाकडे तेलुगू बोलणाऱ्या घरांत तिला जिल्लेडु म्हणतात. हिंदी बोलणारा माणूस ‘रूई’ म्हणतो तेव्हा त्याला कापूस म्हणायचा असतो. आपण रुई म्हणतो तेव्हा हे झाड. पण कापसाचा आणि या झाडाचा संबंध अगदीच नाही असेही नाही. तो पुढे येईलच.

वाचक बंधू-भगिनींनो, रेशन, शिक्षण, नोकरी, मजुरी असे विषय सोडून एका रानटी झुडपावर पान कशाला खर्च करायचे, असे कोणाला वाटेल. म्हणून आधीच सांगतो. या झाडाचा संबंध आपल्या पोरांच्या डोळ्यांशी आहे आणि आपल्या आयाबहिणींच्या जिवाशी आहे. शिवाय तथागत भगवान बुद्धांच्या एका अत्यंत महत्त्वाच्या दृष्टांतात हे झाड येऊन गेले आहे, ही गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

आधी झाड नीट पाहू. रुईचे पान जाड असते. त्याला देठ जवळजवळ नसतोच. दोन पाने समोरासमोर, फांदीला चिकटून बसलेली. पान उलटे करून बोट फिरवा. पांढरी, मऊ, लोकरीसारखी लव हाताला लागेल. कोवळ्या फांद्यांवर आणि कळ्यांच्या देठांवरही तीच लव असते. दुरून पाहणाऱ्याला वाटते, कोणी पीठ भुरभुरले आहे. ही लव शोभेसाठी नाही. पानाच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रे असतात, त्यांतून पानातले पाणी वाफ होऊन जाते. लव असली की गरम वारा थेट छिद्रांपर्यंत पोचत नाही आणि पाणी कमी उडते. पांढरा रंग ऊनही परतवतो. उन्हात काम करणारी आपली माणसे डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळतात ना, तसाच हा प्रकार. त्यात मुळे खोल जातात, म्हणून वरची रेती तापली तरी खालची ओल झाडाला मिळते.

याच गुणांमुळे रुई समुद्रकाठीही जगते. कोकणात किनाऱ्यावर वाऱ्याने वाळूचे ढीग तयार होतात. तिथे खारा वारा असतो, गोडे पाणी कमी असते आणि पायाखालची वाळू सतत हलत असते. अशा ठिकाणी मर्यादवेल जमिनीवर पसरून वाळू धरून ठेवते आणि तिच्या मागे जरा आतल्या बाजूला रुईची झुडपे उभी दिसतात. समुद्र आपल्या गडचिरोलीपासून शेकडो मैल लांब. पण तिथल्या वाळूत तग धरणारे झाड आपल्या रेतीतही तग धरते, कारण अडचण दोन्हीकडे सारखीच आहे.

रुईचे दोन प्रकार आहेत. मोठ्या रुईची फुले फिक्या जांभळ्या रंगाची असतात आणि पाकळ्या पूर्ण उघडून बाहेर वळतात. काही झाडांना पांढरी फुले येतात, त्यांना मांदार म्हणतात. दुसरी लहान रुई. तिची फुले पांढरी, टोकाला जांभळी, आणि पाकळ्या वाटीसारख्या उभ्या. दोन्हींच्या अंगात पांढरा चीक भरलेला असतो. पान तोडा, फांदी मोडा, कळी खुडा, चीक लगेच टपकतो. कण्हेर आणि सदाफुली हीदेखील याच कुळातली झाडे.

फुलाच्या मधोमध पाच कोपऱ्यांचा एक मुकुट असतो. इतर फुलांत पराग पिठीसारखे सुटे असतात, रुईत ते छोट्या पिशव्यांत बांधलेले असतात. दोन पिशव्या आणि त्यांना जोडणारा एक बारीक चिमटा. मोठा काळा भुंगा, लाकूड पोखरणारा, मध प्यायला फुलावर बसतो. त्याचा पाय फटीत सरकतो, चिमटा पायाला लागतो, आणि भुंगा उडाला की पिशव्या घेऊन उडतो. दुसऱ्या फुलावर त्या उतरतात, तेव्हा फळ धरते. झाडावर फुले शेकड्यांनी आणि फळे मोजकीच का दिसतात, याचे एक कारण हे अवघड कुलूप आहे.

रुईवर एक नारिंगी फुलपाखरूही येते. पंखांची टोके काळी, त्यात पांढरे ठिपके. ते पानावर अंडी घालते. त्यातून निघालेली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी रुईचे विषारी पान खाते आणि ते विष अंगात साठवून ठेवते. पक्ष्याने असे फुलपाखरू खाल्ले तर त्याला उलटी होते. मग तो पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. पावसाळ्यात याच झाडावर निळ्या-पिवळ्या रंगाचा मोठा टोळ दिसतो. त्याला डिवचले तर तो अंगातून घाण पाण्याची पिचकारी मारतो. पोरांना हे दाखवा, पण लांबून.

आणि म्हातारी? ती तर आपण सर्वांनी पकडली आहे! उन्हाळ्यात रुईची जोडफळे वाळून फुटतात. आत चपट्या बिया, एकावर एक रचलेल्या, आणि प्रत्येक बीला रेशमासारख्या केसांचा झुबका. वारा आला की बी निघाली. पोरे ‘म्हातारी, म्हातारी’ करत मागे धावतात. ते बियाणे असते आणि नवी जागा शोधायला निघालेले असते. हा कापूस गुळगुळीत आणि तुटका असल्यामुळे नुसता त्याचा धागा नीट निघत नाही. पण उशीत भरायला तो चांगला. अलीकडे तमिळनाडूत ऑरोविलकडे रुईचा तंतू कापसात मिसळून कापड विणण्याचे काम झाले आहे.

रुईचा खरा बळकट धागा मात्र फांदीच्या सालीत असतो. पूर्वी त्याचे दोर, मासे धरायचे गळ आणि धनुष्याच्या दोऱ्या करत. इथेच आपला धम्म या झाडापाशी येऊन पोचतो.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू रुईच्या देठांचे वस्त्र नेसून भगवंतांकडे आला. त्याचे म्हणणे असे की, भगवंत अल्पसंतुष्टपणाची स्तुती करतात आणि हे वस्त्र अल्पसंतुष्टपणाला पोषक आहे, तेव्हा सर्व भिक्खूंना त्याची परवानगी द्यावी. भगवंतांनी त्याला फटकारले आणि असे वस्त्र वापरायला मनाई केली. मनुष्याने आपल्या देहाला टोचणारे काहीतरी गुंडाळले म्हणजे तो शहाणा झाला, हे तथागतांना मान्य नव्हते. त्याच विनयात दुसरीकडे, चुल्लवग्गात, झाडाचा, वेलीचा आणि गवताचा कापूस उशीत भरायला परवानगी आहे. जे उपयोगी आणि निरुपद्रवी ते घ्या, अवडंबर टाका, असा हा साधा व्यवहार.

दुसरा प्रसंग मज्झिमनिकायातल्या चूळमालुंक्य सुत्तातला. मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू अडून बसला. जग शाश्वत आहे की अशाश्वत, त्याला अंत आहे की नाही, मरणानंतर तथागत असतो की नसतो, या प्रश्नांची उत्तरे भगवंतांनी दिली नाहीत तर मी संघ सोडून जाईन, असे त्याने ठरवले. तेव्हा भगवंतांनी बाणाचा दृष्टांत दिला. एका माणसाला विषारी बाण लागला आहे. आप्तांनी शस्त्रवैद्य आणला. पण जखमी माणूस म्हणतो, बाण मारणारा क्षत्रिय होता की ब्राह्मण, वैश्य होता की शूद्र, हे कळेपर्यंत मी बाण काढू देणार नाही. त्याचे नाव काय, गोत्र काय, तो उंच की ठेंगणा, काळा की सावळा, कोणत्या गावचा, हे आधी सांगा. धनुष्य कोणते होते ते सांगा. धनुष्याची दोरी रुईच्या सालीची होती की स्नायूची की आणखी कशाची, ते सांगा. बाणाला पीस गिधाडाचे होते की मोराचे, ते सांगा. भगवंत म्हणतात, हे सर्व कळायच्या आधीच तो माणूस मरून जाईल.

मूळ पालीत तिथे ‘अक्क’ हाच शब्द आहे. म्हणजे आपल्या नालीकाठची रुई अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या धनुष्याला बांधलेली होती! आणि बघा, त्या जखमी माणसाच्या यादीत सर्वांत पहिला प्रश्न कोणता आहे? मारणाऱ्याची जात कोणती! अंगात विष भिनत असताना त्याला जात हवी आहे. हा दृष्टांत आपण विहारात अनेकदा ऐकतो. ऐकून माना डोलावतो. पण घरी प्रसंग आला की बाण आधी काढतो का, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. कारण याच रुईच्या बाबतीत आपला समाज शेकडो वर्षे दोरी तपासत बसला आहे.

एक उदाहरण घ्या. जुन्या रूढीत पुरुषाचे तिसरे लग्न अशुभ मानत. मग तोड काय काढली? तिसरे लग्न रुईच्या झाडाशी लावायचे. त्याला अर्कविवाह म्हणत. म्हणजे पुढे घरात येणारी मुलगी मोजणीत चौथी ठरते आणि अपशकुन झाडावर जातो. आता विचार करा. त्या पुरुषाची पहिली बायको कशाने गेली? दुसरी कशाने गेली? त्या काळात तरुण बाया बाळंतपणात जात, तापाने जात, कमी वयात पुन्हा पुन्हा गरोदर राहून खचून जात. बाण तिथे रुतलेला होता. पण सुईण शिकलेली आहे का, मुलीचे वय काय, तिच्या पोटात अन्न आहे का, हे कोणी विचारले नाही. आकडा तीन आला म्हणून झाडाला मुंडावळ्या बांधल्या. आणि विधवेला? तिला झाडाशीही लग्न करायची मुभा नव्हती.

आता याच फुलाची दुसरी बाजू पाहा. थायलंड या बौद्ध देशात रुईच्या फुलाला ‘दोक रक’ म्हणतात. तिथल्या भाषेत ‘रक’ या उच्चाराचा अर्थ प्रेम असाही होतो. म्हणून लग्नाच्या आणि मानाच्या हारांत ही फुले आवडीने ओवतात. तेच झाड, तेच फूल. एकीकडे अपशकुन झेलायला उभे केले, दुसरीकडे प्रेमाची खूण झाले. यावरून एवढेच समजायचे की शुभ आणि अशुभ माणसाच्या डोक्यात असते. झाडात फक्त चीक असतो. आणि तो चीक मात्र खरा आहे. तो कोणाची जात, धर्म, श्रद्धा पाहत नाही.

आता घरातल्या माणसांनी लक्ष देऊन वाचावे.

पहिला धोका डोळ्यांना. आपल्याकडे शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. सिरोंचाकडच्या तेलुगू घरांत रथसप्तमीला रुईची पाने अंगावर ठेवून आंघोळ करतात. ही पाने-फुले तोडणारा बहुधा घरातला लहान पोरगा असतो, नाहीतर विकायला आणणारी गरीब बाई असते. तोडताना चीक बोटांना लागतो, घाम पुसताना तो डोळ्यात जातो. पोरे खेळतानाही एकमेकांवर चीक उडवतात. यातला फसवा भाग असा की, डोळ्याला जेवढी इजा होते तेवढे दुखत नाही. थोडी जळजळ होते, मग काही तासांनी समोर धुके आल्यासारखे अंधुक दिसू लागते, उजेड सहन होत नाही. बुबुळाचा पारदर्शक पडदा सुजलेला असतो. पश्चिम बंगालमधल्या नेत्रतज्ज्ञांनी २००९ साली अशा २९ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. न दुखता अचानक अंधुक दिसू लागणे, हीच त्यांची मुख्य तक्रार होती. वेळेवर योग्य औषध मिळाले की दृष्टी परत येते, ही त्यातली दिलाशाची गोष्ट. उशीर झाला किंवा भलतेच औषध घातले तर मात्र पडद्यावर कायमचा डाग राहू शकतो.

म्हणून हे पाठ करून ठेवा. डोळ्यात चीक गेला की चोळायचे नाही. लगेच स्वच्छ पाण्याची धार धरायची, पापण्या उघड्या ठेवून, निदान पंधरा-वीस मिनिटे. हात साबणाने धुवायचे. मध, तेल, तूप, हळद, आईचे दूध यांतले काहीही डोळ्यात घालायचे नाही. मेडिकलमधून मनाने थेंबांची बाटली आणायची नाही. दुखत नसले तरी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचे आणि ‘रुईचा चीक गेला’ असे स्पष्ट सांगायचे. रेतीघाटावर आणि रस्त्याच्या कामावर झुडपे तोडणाऱ्या मजूर बंधू-भगिनींनी तोडताना तोंड बाजूला ठेवावे, आणि तोच हात, तोच दुपट्टा डोळ्यांना लावू नये.

दुसरा धोका घरगुती औषधांचा. काटा रुतला की चीक लावतात, दाढ दुखली की चीक लावतात, गुडघा सुजला की पान गरम करून बांधतात. धडधाकट कातडीवर गरम पानाचा शेक घेतला तर उबेने बरे वाटते, ते समजू शकते. पण चीक जखमेत, तोंडात किंवा पोटात जाता कामा नये. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषद्रव्ये आहेत, कण्हेरीसारखीच. कातडीवरही काहींना फोड येतात. सापाच्या दंशावर रुई सांगणारेही भेटतात. आपल्या जंगलपट्टीत पावसाळ्यात साप चावणे ही नेहमीची गोष्ट. तिथे तर अंगात खराखुरा विषारी बाण रुतलेला असतो! रुई शोधायला, मांत्रिकाकडे न्यायला जो वेळ जातो, तोच जीव घेतो. सर्पदंशावरचे इंजेक्शन सरकारी रुग्णालयात मिळते. १०८ ला फोन करा, माणसाला चालवू नका, आणि निघा.

तिसरा धोका बोलायला अवघड, म्हणूनच बोलायला हवा. नको असलेला गर्भ पाडण्यासाठी आपल्या देशात रुईचा वापर फार जुना आहे. ब्रिटिश काळातल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत त्याची नोंद आहे, आणि नवजात मुलीला मारण्यासाठी चीक वापरल्याचीही आहे. असे उपाय करणाऱ्या बाईच्या पिशवीला इजा होते, जंतू शिरतात, रक्तस्राव थांबत नाही. कितीतरी बाया यात गेल्या, आणि घरच्यांनी ‘पोट दुखून गेली’ असे सांगितले. गुपित राहिले, बाई राहिली नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते का काढले? फसवल्या गेलेल्या विधवेपुढे विहीर, विष आणि अशा झाडपाल्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता. फुले दांपत्याने तिला विचारले नाही की, बाई, तू कोणाची, चूक कोणाची. त्यांनी दार उघडले आणि ‘गुपचूप येऊन बाळंत व्हा’ असे जाहीर केले. त्याच गृहात जन्मलेल्या यशवंतला त्यांनी पुढे दत्तक घेतले. बाण आधी काढणे म्हणतात ते हेच.

आज तर कायदाही बाईच्या बाजूने आहे. १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने, आणि काही ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. बाई सज्ञान असेल तर तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही २४ आठवड्यांच्या त्या तरतुदीतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. जितके लवकर जाल तितके सोपे, आणि सरकारी रुग्णालयात पैसे लागत नाहीत. एवढे असताना कोणी बाई रुईच्या झाडाकडे वळत असेल, तर ती अडाणी आहे म्हणून वळत नाही. तिला कोणी सांगितले नाही आणि तिला बोलण्याची लाज घातली आहे, म्हणून वळते.

ही लाज किती खोल आहे, ते आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखवले. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. शंभरात ९२ बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या शंभरात फक्त ८! बाकीच्यांनी अंगावर काढले. याच राणीताईंनी इथल्या बायांचे झाडांशी असलेले नाते ‘गोईण’ या पुस्तकात मांडले आहे. झाडांचे ज्ञान आपल्या आयाबायांकडे भरपूर आहे, त्याचा मान ठेवलाच पाहिजे. पण कोणते ज्ञान जीव वाचवते आणि कोणते जीव घेते, हे निवडून घ्यावे लागते. बरे करणारे ते ठेवा, मारणारे ते सोडा. एहिपस्सिको, या आणि पाहा, तपासून घ्या, असे धम्म सांगतो, ते झाडपाल्यालाही लागू आहे.

हे वाचून कोणी उद्या कुऱ्हाड घेऊन रुई तोडत सुटेल. तसे करू नका. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या दारात, पोरांच्या खेळायच्या जागी असेल तर काढून टाका, तेही मोठ्या माणसाने, डोळे सांभाळून. नदीकाठची, माळावरची रुई राहू द्या. तिथे ती रेती धरते, भुंग्याला मध देते, फुलपाखराच्या अळीला घर देते. जिथे दुसरे काही उभे राहत नाही तिथे ती उभी राहते. झाडाचा राग धरायचे काही कारण नाही. त्याने चीक आपल्या रक्षणासाठी तयार केला आहे, आपल्याला मारण्यासाठी नाही.

या आठवड्यात दोन कामे करा. घरातल्या पोरांना रुईचे झाड लांबून दाखवा, पानामागची पांढरी लव दाखवा, आणि डोळ्यात चीक गेला तर काय करायचे ते त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घ्या. दुसरे काम महिला मंडळाचे. पुढच्या बैठकीत वंदनेनंतर दहा मिनिटे काढून गर्भपाताच्या कायद्याची माहिती सर्व बायांना सांगा, तरुण मुलींना मुद्दाम बसवून सांगा. गावातल्या आशाताईला बोलवा. कोणाची सून, कोणाची मुलगी, असे प्रश्न त्या दहा मिनिटांत कोणीही काढू नयेत.